गाडीत जागा होती

हॉलंडचं ते कुटुंब आमच्याकडे आलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, आणि आपल्याला इंग्रजी येतं याचा मला फार अभिमान होता. लोणारपासून तासाभरावरच्या एका गावात मी हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे धडा वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगत होते. इंग्रजीत खरोखर कुणाशी बोलायची वेळ तोवर माझ्यावर आली नव्हती.

गावाच्या कडेला एका संस्थेचं वसतिगृह होतं. आमच्या भागातून दसऱ्यानंतर पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परततात. मुलं सोबत गेली की त्यांची शाळा सुटते, म्हणून संस्था त्यांना ठेवून घ्यायची. जुलैत संस्थेच्या माणसाने येऊन सांगितलं की परदेशातलं एक कुटुंब सहा महिने सेवा करायला येणार आहे, नवरा-बायको आणि दोन मुली. बोलायला मधे कुणीतरी हवं, शाळा सुटल्यावर तुम्ही याल का, असं त्याने विचारलं. मी एका पायावर तयार झाले.

नवरा इंजिनिअर होता, बायको बालवाडीची शिक्षिका. थोरली मुलगी अकरा वर्षांची, धाकटी सहा. ती चौघं वसतिगृहाच्या वरच्या दोन खोल्यांत राहिली. माणसं चांगली होती, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. त्यांनी भिंती रंगवल्या, फुटलेल्या फरश्या बसवल्या. नवऱ्याने पाण्याच्या मोठ्या निळ्या ड्रमना नळ बसवून मुलांसाठी हात धुवायची रांग तयार केली. बायको मुलांना गोल बसवून गाणी शिकवायची. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ताटात काही टाकत नसत. धाकटी मात्र दोन महिने केळी आणि गूळपोळीवर जगली.

एकदा मी त्या बाईला विचारलं, तुमच्या देशात सगळं असताना तुम्ही मुलींना घेऊन इकडे का आलात? तिने सरळ उत्तर दिलं. आमच्या मुलींना सगळं मिळालंय, जगात सगळ्यांना तसं मिळत नाही हे त्यांनी लहानपणीच पाहावं, असं ती म्हणाली. मला ते तेव्हा फार मोठं वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, शाळेत सांगितलं. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, त्यांच्या मुलींनी जे पाहायचं होतं ते आमच्या मुलींच्या अंगावर घडायचं होतं. पण हा त्या बाईचा दोष नाही. ती खरं तेच बोलली होती.

गावात मला लोक गोऱ्यांची मॅडम म्हणू लागले. बाजारात त्या बाईसोबत चालताना माझी मान जरा ताठ व्हायची. संस्थेच्या कार्यक्रमात फोटो निघाला की मी नेमकी तिच्या शेजारी असायची.

थोरलीची मैत्री माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीशी झाली. दोन कोसांवरच्या वस्तीतून ती पोरगी रोज पायी शाळेत यायची. डावखुरी, काटकुळी, आणि लंगडीत कुणाच्या हाती न लागणारी. तिचे आईबाप दरवर्षी तोडीला जात. आधीचे दोन हंगाम तीही गेली होती, त्यामुळे वयाने वर्गात सगळ्यांत मोठी होती. उसाची मोळी कशी बांधायची ते ती सुतळी आणि काड्या घेऊन करून दाखवायची. यंदा आईने तिला वसतिगृहात ठेवायचं ठरवलं होतं. दसरा झाल्यावर आई तिला घेऊन आली, पत्र्याची एक पेटी खाली ठेवली आणि मला म्हणाली की तुम्ही रोज येता हे पाहूनच इथं ठेवते. तिची धाकटी बहीण अजून लहान होती, तिला आईबाप सोबत नेणार होते.

त्या दोघी पोरींनी एकमेकींची भाषा कशी शिकून घेतली हे मला कळलंच नाही. मी बाईला 'नमस्कार' आणि 'बसा' शिकवत होते, तोवर थोरली 'काऊन बे', म्हणजे 'का रे', असं म्हणू लागली होती. पोरीपोरी हसायच्या. आपल्या आईवडिलांसमोर मात्र ती मराठी बोलायची नाही. त्यामुळे तिला दोन-चार शब्द येत असतील, एवढंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. कधी दोघी ड्रमच्या सावलीत उकिडव्या बसून तासभर कुजबुजत असायच्या. कोणत्या भाषेत, हे मी कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी त्या पोरीला ताप आला. शनिवारी आला, रविवारी वाढला. सोमवारी वॉर्डनबाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे गोळ्या मिळाल्या, रक्त तपासणीला गेलं. त्याच दिवशी दुपारी धाकट्या गोऱ्या मुलीलाही ताप चढला. दोघींचं अंग सारखंच लाल झालं होतं, डोळे सारखेच दुखत होते. पोरगी खालच्या हॉलमध्ये चटईवर होती, धाकटी वरच्या खोलीत मच्छरदाणीत. थोरली दिवसभर जिना चढत-उतरत होती.

बुधवारी सकाळी मी शाळेत जायच्या आधी वसतिगृहात डोकावले. धाकटी रात्रभर ओकत होती. वडिलांनी संस्थेच्या माणसाला फोन केला होता, आणि मुलीला औरंगाबादला लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. जीप दारात उभी होती. तिथे डॉक्टरांशी बोलायला मी सोबत यावं, असं बाईने म्हटलं. मी शाळेत रजा कळवली आणि बसले. पुढे ड्रायव्हर आणि वडील. मधल्या सीटवर बाई धाकटीला मांडीवर घेऊन, तिच्याशेजारी थोरली, आणि दाराशी मी. मागे समोरासमोर दोन बाकडी होती. त्यांच्यावर एक बॅग, पाण्याच्या बाटल्या आणि उशी होती.

खालच्या पोरीचा ताप त्या दिवशी पहाटे उतरला होता. मी हात लावून पाहिला होता. कपाळ थंड होतं. चला, एक तर बरी झाली, असं मी वॉर्डनबाईंना म्हणालेसुद्धा होते.

जीप सुरू झाल्यावर वॉर्डनबाई लगबगीने खिडकीशी आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. म्हणाल्या, "मॅडम, तिलेही नेता काय? पोट दुखते म्हणते."

मी म्हटलं, "ताप तर उतरला ना तिचा. उद्या इथंच दाखवू."

त्या मागे सरल्या. बाईने मला विचारलं, काय म्हणतात त्या? मी इंग्रजीत सांगितलं की सांभाळून जा म्हणतात. बाईने खिडकीतून वॉर्डनबाईंना हात जोडले.

हे मी का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला घाई होती हे खरं आहे. ताप उतरला होता हेही खरं आहे, आणि या तापात ताप उतरल्यावरच खरा धोका सुरू होतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण एवढंच नव्हतं. पाहुण्यांची मुलगी आजारी, आणि त्यांच्या गाडीत आपलं आणखी एक पोर कसं घालायचं, याचा मला संकोच वाटला. मी विचारलं असतं तर ती दोघं एका क्षणात हो म्हणाली असती, मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी विचारलं नाही. ती गाडी खरं तर संस्थेची होती, तरी मला ती त्यांचीच वाटली. थोरलीने तेव्हा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला काही समजलं असेल असं मला वाटलं नाही.

औरंगाबादला डेंग्यूच निघाला. धाकटीला सलाईन लावलं. डॉक्टर मराठी होते आणि इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलत होते. माझी तिथे काहीच गरज नव्हती. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. संध्याकाळी मी वॉर्डनबाईंना फोन लावला. डेंग्यू आहे, पोरीकडे लक्ष द्या, असं सांगितलं. त्या म्हणाल्या की तिने दोनदा ओकारी केली, पण ताप नाही. उद्या सकाळीच तालुक्याला नेते म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी पोरीचे हातपाय गार पडले. वॉर्डनबाईंनी तिला ऑटोने तालुक्याच्या गावी नेलं. तिथून रुग्णवाहिकेने जालन्याला पाठवलं. जालना यायच्या आधीच ती गेली. मला तीन वाजता फोन आला. तेव्हा धाकटी उठून बसली होती आणि नर्सच्या हातून नारळपाणी पीत होती.

मी बाईला बाहेर बोलावून सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. मग वडील आले. थोरली दारात उभी होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण मी फोनवर वॉर्डनबाईंशी जे बोलले ते तिने ऐकलं होतं. ती रडली नाही. ती आत गेली आणि धाकटीच्या पलंगाच्या पायथ्याशी, आमच्याकडे पाठ करून बसली.

पोरीचे आईबाप सांगलीकडे होते. मुकादमाने त्यांना गाडी करून दिली, ते शुक्रवारी पोचले. मातीला मी गेले नाही. धाकटीला सोडून येता येणार नाही असं मी सांगितलं. खरं तर मला तोंड दाखवायचं नव्हतं.

रविवारी बाई म्हणाली की त्या आईला भेटायचंय. वडील धाकटीजवळ राहिले. बाई, थोरली आणि मी वस्तीवर गेलो. दोन खोल्यांचं घर होतं, दारासमोर ऊसतोडीला नेलेली भांडी पोत्यातून अजून काढलेली नव्हती. आत भिंतीवर बुद्धांचा फोटो, खाली मेणबत्ती. आई पांढऱ्या साडीत भिंतीशी बसली होती. तिच्या तळहातांवर उसाच्या पाल्याने कापलेल्या रेघा होत्या. बाप दाराबाहेर माणसांत होता. आम्हाला चटई टाकली, पाणी दिलं. बाईने आईचा हात हातात घेतला आणि रडू लागली. आई रडत नव्हती. तिने हात काढूनही घेतला नाही.

थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, माह्या पोरीले काऊन नाही नेलं? गाडीत जागा नव्हती काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. जागा नव्हती असं कुणी सांगितलं असतं तर तिने ते मान्य केलं असतं, असं मला वाटलं.

बाईने विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, पोरीला फार त्रास झाला का, असं विचारतेय.

तेव्हा थोरली बोलली. ती त्यांच्या भाषेत आपल्या आईशी बोलली, दोनच वाक्यं. मला शब्द कळले नाहीत. पण मधे तिने बोट माझ्याकडे केलं, मग पोरीच्या आईकडे, आणि बाईचा चेहरा बदलला. त्या आईने खरं काय विचारलं होतं तेच तिने सांगितलं, हे मला कळलं. मग बाईने मला इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की आता मी जे बोलेन ते जसंच्या तसं तिला सांग.

"जागा होती," मी त्या आईला मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, गाडीत जागा होती. आमच्या मनातच आलं नाही. त्याची माफी मागायलाही आम्हाला तोंड नाही."

आईने मान हलवली. "हाव," एवढंच म्हणाली.

त्याच वेळी मला बोलायला हवं होतं. त्यांच्या मनात आलं नाही हे खरं, पण ते माझ्यासमोर कुणीतरी उच्चारलं होतं आणि मी ते मधेच गिळलं होतं. वाक्य माझ्या ओठावर होतं. बाई जे आपल्यावर घेत होती ते माझं होतं, हे माझ्याइतकं त्या खोलीत आणखी एकीलाच माहीत होतं, असं मला वाटलं. ती अकरा वर्षांची होती, आणि ती माझ्याकडेच पाहत होती. मी समोर ठेवलेला चहाचा कप उचलला. तो प्यायले. आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी वसतिगृहातलं, गावातलं साठवलेलं पाणी तपासलं. निळ्या ड्रममध्ये अळ्या निघाल्या. शेजारच्या हौदातही निघाल्या, आमच्या घरच्या कूलरमध्येही निघाल्या. कुठल्या पाण्यातला डास कुणाला चावला हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तसं त्या कर्मचाऱ्याने समजावूनही सांगितलं. मी ते इंग्रजीत सांगितलं, या वेळी एकही शब्द न गाळता. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एकेक ड्रम स्वतः आडवा करून रिकामा केला. नळ काढून पिशवीत भरले. मुलं लांब उभी राहून पाहत होती. त्या दिवसानंतर ते गावात फारसे कुणाशी बोलले नाहीत.

सहा महिने पूर्ण व्हायच्या आधीच ते जायला निघाले. संस्थेने निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता, तो बाईने नको म्हटला. सकाळी गाडीत सामान चढत असताना थोरली माझ्याकडे आली. पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली, त्या पोरीच्या मराठीत.

"तुमी काऊन नाही सांगतलं?"

तिला नेमकं काय विचारायचं होतं, हे मी विचारलं नाही. जीपमध्ये तिच्या आईला का नाही सांगितलं, की वस्तीवर त्या आईला का नाही सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, ती बाजूला झाली. तिने आपल्या आईला अजून जीपमधलं सांगितलं नसावं, कारण बाईने जाताना मला मिठी मारली आणि तू आमच्यासाठी फार केलंस म्हणाली. पुढे कधी सांगितलं का, ते मला माहीत नाही. त्यांचं पत्र आलं नाही, मीही पाठवलं नाही.

मी वसतिगृहात जाणं बंद केलं. शाळेत कुणी म्हणालं की तुमचं इंग्रजी आता छान झालं, तर मी तिथून उठून जायची. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताप उतरला होता, कोणीही तेच केलं असतं. त्याने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. काही दिवस मी त्या वाक्याला धरून राहिले.

एप्रिलमध्ये तोडीची माणसं परतली, पुन्हा तोडीवर गेलेले पोरीचे आईबापही. मी एका रविवारी बसने फाट्यावर उतरून वस्तीवर चालत गेले. कुणालाच सांगितलं नव्हतं. आई अंगणात गहू निवडत होती, तिची धाकटी शेजारी काड्यांशी खेळत होती. मला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला आणि बाज ओढून दिली. मी बाजेवर बसले नाही, तिच्यासमोर खाली बसले. आणि सांगितलं. वॉर्डनबाई खिडकीशी आल्या, त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि इंग्रजीत काय सांगितलं. सगळं एका दमात.

ती सुपातले खडे काढत राहिली.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "वार्डनबाईनं मातीच्या दिवशीच सांगतलं होतं."

म्हणजे त्या रविवारी, चटईवर बसून तिने मला विचारलं, तेव्हाही तिला माहीत होतं. मी काय सांगते, एवढंच तिला पाहायचं होतं. किंवा मी सांगावं म्हणून तिने मला वाट करून दिली होती. कोणतं खरं, हे विचारायचा माझा हक्क राहिला नव्हता.

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, थांबवलं नाही, जवळही आली नाही. मग पाणी आणून समोर ठेवलं. मी निघताना मात्र तिने मला थांबवलं. तिची धाकटी जूनमध्ये पाचवीत जाणार होती, म्हणजे माझ्याच शाळेत. हंगाम आला की काय करावं, हे तिला कळत नव्हतं. शिकवायचं तर होतं. तिने माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, "तुमीच सांगा मॅडम. इथं ठेऊ, का सोबत नेऊ?"

मी शिक्षिका आहे. दरवर्षी जूनमध्ये मी पालकांपुढे उभी राहून सांगते की मुलांना सोबत नेऊ नका, शाळेत ठेवा, आम्ही आहोत. ते वाक्य मला तोंडपाठ आहे. त्या अंगणात ते माझ्या तोंडातून निघालं नाही. माझ्या घरी ठेवा, असंही मी म्हणू शकले असते. तेही मी म्हटलं नाही, कारण मग ती नाही म्हणाली असती तर मला ते सहन झालं नसतं, आणि हो म्हणाली असती तर त्याहून नसतं.

शेवटी ती स्वतःच म्हणाली, "सोबतच नेतो. डोयासमोर तं राहीन."

जूनमध्ये ती धाकटी माझ्या वर्गात आली. बहिणीसारखी नव्हती ती. गप्प असायची, उजव्या हाताने लिहायची, आणि पाठांतरात पक्की होती. इंग्रजीचे शब्द तिला चटकन यायचे. मी तिला कधी पुढे बोलावलं नाही की कधी जास्तीचं काही विचारलं नाही. चार महिने ती तिसऱ्या बाकावर बसली. दसरा झाल्यावर यायची बंद झाली. महिनाभर मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडली, मग मुख्याध्यापकांनी सांगितलं तसं 'स्थलांतरित' असं लिहिलं.